बसऱ्याची संगीन आणि १९०७ चा घोळ

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर आईची विळी, बाबांचं शाईचं पेन, माझा व्हर्नियर, पोरीचा लॅपटॉप अशी रांग असते आणि मधोमध असते 'बसऱ्याची संगीन'. लहानपणी आम्ही तिला तलवारच म्हणायचो आणि वाड्यातल्या बाकी पोरांवर त्या तलवारीचा भाव खायचो. बाकीच्यांच्या घरी काय, सुऱ्या आणि पाने-पक्कड. आमच्याकडे खरं हत्यार.

तिची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की झोपेत सांगेन. माझे पणजोबा, त्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, सातारकडच्या गावातून पलटणीत भरती झाले, ११० मराठा, आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले, म्हणजे आत्ताचा इराक. त्यांची डिव्हिजन म्हणजे सिक्स्थ पूना डिव्हिजन, नावातच पुणं. ती कुट नावाच्या तिथल्या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली, खायला काही उरलं नाही तेव्हा घोडी कापली पण अण्णांनी तोंड लावलं नाही, मग शरणागती, तुर्कांची कैद, आणि शेवटी हाडाचा सापळा होऊन माणूस परत आला आणि येताना बसऱ्याहून ही संगीन घेऊन आला. यातला पलटणीचा भाग खरा आहे, डिस्चार्जचा कागद बाबांनी फ्रेम करून ठेवलाय, त्यावर ११० मराठा स्वच्छ वाचता येतं. संगिनीचा भाग खरा का नाही हे कुणी कधी तपासलंच नव्हतं. तपासणार तरी कशाला, पूजेतली वस्तू.

तर झालं असं की आमचा शनिवार पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला आणि आम्ही दोन-तीन वर्षांसाठी धनकवडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. माळा रिकामा करताना ट्रंकेत ही बाई चादरीत गुंडाळलेली. टेम्पोत टाकायला बाबा तयार नाहीत, हमाल लोक काय करतील सांगता येत नाही म्हणे, मग मी स्कूटरवर आणि बाबा मागे चादरीचं गाठोडं मांडीवर घेऊन असे आम्ही स्वारगेटवरून गेलो. सिग्नलला ट्रॅफिक हवालदार शेजारीच उभा होता आणि त्या नव्वद सेकंदात माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की हे नक्की काय घेऊन फिरतोय आपण, आणि कुणी विचारलं तर सांगणार काय. घरी पोचल्यावर बाबाच म्हणाले, "तू क्वालिटीतला माणूस ना, हिची नीट माहिती काढून एका कागदावर लिहून ठेव."

मी भोसरीला एका मशिनशॉपमध्ये क्वालिटीत आहे, वीस वर्षं झाली. दिवसभर लोखंडावरचे पंच, म्हणजे ठोकलेले शिक्के, वाचायचे, मापं घ्यायची, पास का रिजेक्ट ते सांगायचं. म्हणलं हे तर आपलंच काम.

आधी मापं. पातं स्टीलच्या फूटपट्टीने १२ इंच भरलं, एकच धार, दोन्ही अंगांना लांब पन्हळ. त्या पन्हळीला आमच्याकडे 'रक्ताची खाच' म्हणायचे, रक्त वाहून जायला. तसलं काही नसतं हो. आय-सेक्शनचा गर्डर असतो ना, मधलं मटेरियल काढलं तरी ताकद टिकते आणि वजन कमी होतं, तेच गणित. मूठ लाकडी, दोन स्क्रू. पातं आणि मूठ यांच्यामध्ये आडवी पट्टी, तिच्या एका टोकाला कडं. कड्याचा आतला व्यास व्हर्नियरने १६.५ मिमी. मुठीच्या बुडाला टी आकाराची खाच आणि शेजारी एक खटका, तो गंजून बसलेला. म्हणजे तलवार नाही, सुरा नाही, बंदुकीला लागणारी संगीनच, इथपर्यंत आमचे पूर्वज बरोबर होते.

आता १२ इंच पातं म्हणल्यावर मी एका चुकीच्या गल्लीत शिरलो. ब्रिटिशांची १८८८ पॅटर्नची संगीन होती, ली-मेटफर्ड रायफलीची, तिचं पातं बरोब्बर १२ इंच. दोन रात्री मी त्याच खुशीत होतो. मग नीट बघितलं तर १८८८ वालीला दोन्हीकडून धार असते आणि पात्याच्या मधोमध उंचवटा असतो, पन्हळ नसते. ड्रॉइंगमधलं एक माप जुळलं म्हणून पार्ट पास करणाऱ्या पोरांना मी रोज झापतो आणि स्वतः तेच केलं.

मग शिक्क्यांकडे वळलो. शिक्के असतात कुठे तर पात्याच्या मुळाशी, आडव्या पट्टीला लागून जो धार नसलेला सपाट दीड-दोन इंच भाग असतो तिथे, दोन्ही बाजूंना. शिवाय मुठीच्या बुडावर. आणि आमच्या संगिनीवर तिथेच नेमका शंभरेक वर्षांचा नसला तरी सत्तरेक वर्षांचा हळद, कुंकू, तूप आणि धुराचा थर. मी रॉकेल आणि तारेचा ब्रश काढला तशी आई आली. "पूजेतली वस्तू आहे, रॉकेल लावशील तर बघ." चिडलो होतो तेव्हा, पण आईने वाचवलं खरं सांगायचं तर. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, बफिंग यातलं काहीही जुन्या लोखंडाला लावायचं नसतं, गंज जातो तसे शिक्केही जातात, आणि एकदा गेले की गेलेच. शिवणयंत्राचं तेल, जुनं मऊ टूथब्रश, सुती फडकं आणि दात कोरायची काडी, एवढंच घेऊन बसलो. तेल लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं, परत लावायचं. असं आठ दिवस.

आणि गंमत बघा, थर वरून निघाला पण पंचाच्या खोलात जे कुंकू बसलं होतं ते तसंच राहिलं. काळपट लोखंडावर लाल अक्षरं! कंपनीत आम्ही फिकट पंच वाचायला खडू चोळतो, इथे ते काम आईने आणि तिच्या आधी आजीने करूनच ठेवलं होतं. राहिलेलं वाचायला टॉर्च आडवा धरला, समोरून लाईट मारला तर काहीच दिसत नाही, बाजूने पात्याला चिकटून मारला की खोलगट जागी सावली पडते आणि अक्षर उठून येतं. वर पतंगाचा कागद ठेवून पेन्सिलीने हलकं घासून ठसाही काढला.

एका बाजूला वरती मुकुट. त्याखाली इंग्रजी जी आणि आर. त्याखाली १९०७. त्याखाली अजून दोन ओळी होत्या पण त्या अर्ध्या घासलेल्या. याचं श्रेय आमच्या धाकट्या काकांना. ८० च्या दशकात कधीतरी नवरात्राच्या आधी त्यांना वाटलं की देवापुढे बोथट हत्यार ठेवणं बरं नाही म्हणून सायकलवरून धार लावणारा यायचा त्याच्याकडून त्यांनी ती 'चकाचक' करून घेतली. त्या भल्या माणसाने धारेबरोबर मुळाचा सपाट भागही दगडावर धरला.

असो. १९०७ तर दिसलं. घरात आनंदीआनंद. बाबांनी आत्याला साताऱ्याला फोन लावला, "अगं १९०७ ची निघाली, अण्णांच्या भरतीच्या आधीची." सगळं चपखल बसत होतं. दोन आठवडे आम्ही १९०७ च्या संगिनीचे मालक होतो आणि मी ऑफिसात चार लोकांना फोटोही दाखवले.

घोळ पोरीने काढला. नववीत आहे. ती माझा पेन्सिलीचा ठसा बघत म्हणाली, बाबा जी आर म्हणजे काय. म्हणलं, जॉर्जियस रेक्स, लॅटिनमध्ये राजा जॉर्ज. ती म्हणाली कुठला जॉर्ज? पाचवा, म्हणलं, गेटवे ऑफ इंडिया ज्याच्या येण्याची आठवण म्हणून बांधलं तो. "पण तो १९११ ला आला ना, दिल्ली दरबाराला. १९०७ ला तोच राजा होता का?"

नव्हता! १९०७ ला एडवर्ड सातवा होता, तो १९१० च्या मेमध्ये गेला आणि मग पाचवा जॉर्ज आला. १९०७ मध्ये बनलेल्या वस्तूवर इ आर पाहिजे, जी आर असूच शकत नाही. म्हणजे १९०७ हे बनल्याचं वर्ष नाहीच, ते पॅटर्नचं नाव आहे, पॅटर्न १९०७. आमच्या भाषेत ड्रॉइंग नंबर. ड्रॉइंग नंबरला मी मॅन्युफॅक्चरिंग डेट समजून दोन आठवडे मिरवत होतो. नंतर कळलं की या संगिनीच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस हीच चूक करतो, पण ते ऐकून काही बरं वाटलं नाही.

ही पॅटर्न १९०७ म्हणजे एसएमएलई रायफलीची संगीन, आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो तीच रायफल. आधीच्या रायफलीपेक्षा ही रायफल आखूड केली होती म्हणून संगीन लांब केली, १७ इंची पातं, जपान्यांच्या अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून कल्पना उचललेली. १७ इंच लक्षात ठेवा, त्यावर येतोच.

बनल्याची तारीख त्या घासलेल्या ओळीतच असणार हे आता उघड होतं. परत तेल, परत आडवा टॉर्च, मोबाईलने वेगवेगळ्या कोनातून तीस-चाळीस फोटो, ते मोठे करून बघणे. पहिल्या ओळीत ११ आणि जरा अंतर सोडून १७. म्हणजे महिना आणि वर्ष, नोव्हेंबर १९१७. त्याखाली बनवणाऱ्याचं नाव, सुरुवातीची अक्षरं दगडाने खाल्लेली, शेवटी 'डरसन'. या संगिनी इंग्लंडात बनवणारे मोजकेच होते, विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स आणि सरकारी एनफिल्डचा कारखाना. डरसनवर संपणारा एकच, शेफिल्डचा सँडरसन. मनातून मला कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीची निघावी असं वाटत होतं, आपल्या देशात बनलेली. पण इशापूरच्या मालावर जी आर आय असतं, शेवटचा आय म्हणजे इम्पेरेटर, सम्राट, आणि आर एफ आय अशी फॅक्टरीची अक्षरं. आमच्यावर ती नव्हती.

एका शिक्क्यावर भरवसा ठेवायचा नाही हे या वेळी पाळलं. लोखंड दुसरीकडून काय सांगतंय ते बघितलं. सुरुवातीच्या पॅटर्न १९०७ ला आडव्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला पुढे वळलेला हूक असायचा, शत्रूची संगीन अडकवायला म्हणून, तो १९१३ पासून बंद केला. आमच्या संगिनीला हूक नाही आणि कापल्याची खूणही नाही. मुठीच्या बुडाला एक आरपार भोक आहे, मी समजत होतो दोरी ओवायला, तर ते खाचेतली माती-चिखल बाहेर काढायला आहे आणि ते १९१६ पासून आलं. म्हणजे हूक नाही, भोक आहे, तारीख १९१७. तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या. अजून एक जुळी बहीण असते, पॅटर्न १९१३, दिसायला सेम, पण तिच्या लाकडी मुठीवर दोन आडव्या खाचा, म्हणजे मुठीला काटकोनात, मुद्दाम कापलेल्या असतात, दोन्हींतला फरक हाताला अंधारात कळावा म्हणून. आमची मूठ गुळगुळीत. तीही शंका मिटली.

दुसरी बाजू मात्र शाबूत होती आणि माझा सगळ्यात जीव जडला तो तिथल्या शिक्क्यांवर. तिथे तीन रेघा एका टोकाला जुळलेल्या, बाणासारख्या. आजी सांगायची की ते बेलाचं पान आहे, शंकराचं, म्हणून ही संगीन भाग्याची. आई अजून पूजेत पहिलं बोट तिथेच लावते. तो ब्रिटिश सरकारी मालकीचा बाण निघाला, बंदुकीपासून भांड्यापर्यंत सरकारी वस्तूवर मारायचे तो. (आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं.) त्याच्याजवळ फुली. आम्ही कंपनीत फुली मारतो ती रिजेक्टला, त्यामुळे मला क्षणभर वाईट वाटलं, पण इथे उलटं, पातं वाकवून बघितलं आणि ते परत सरळ झालं, बेंड टेस्ट पास, तर फुली. आणि मग छोटे छोटे मुकुट, त्याखाली दोन आकडी नंबर, त्याखाली इ. इ म्हणजे एनफिल्ड आणि नंबर म्हणजे तपासनिसाचा. असे तीन-चार, वेगवेगळ्या नंबरांचे.

माझाही नंबर पंच आहे. १७. मी ज्या पार्टवर तो मारतो तो पार्ट पुढे कुठे जातो, कुठल्या मशिनमध्ये बसतो, मला माहीत नसतं. १९१७ च्या नोव्हेंबरात युद्ध चालू, दिवसाला किती नग हातातून जात असतील, आणि त्या माणसाने एक नग उचलला, वाकवला, बघितला, ठोकला नंबर आणि पुढचा उचलला. त्या नगाला शनिवार पेठेत कुंकू लागणार हे त्या बिचाऱ्याच्या बापाला तरी माहीत असणार होतं का. त्या रात्री मी उगाचच बराच वेळ तो पंच बघत बसलो होतो, बायको म्हणाली झोपा आता.

राहिलं ते लांबीचं. १७ इंच पाहिजे तर १२ का? पाच इंच गेलं कुठे? घरात एकमताने काकांवर आळ आला. धार लावताना टोक मोडलं असणार आणि गपचूप घासून घेतलं असणार. काका आता सत्तरीला आलेत, वारजेला असतात, फोनवर शपथा घ्यायला लागले. माझाही त्यांच्यावरच संशय होता कारण पन्हळ पार टोकापर्यंत जाऊन तिथेच तुटल्यासारखी संपते, मूळ पात्यात ती टोकाच्या बरीच अलीकडे थांबते. म्हणजे पातं नंतर कापलंय हे नक्की.

त्या दरम्यान एका रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली, मंगळवार पेठेत बुधवार-रविवार भरतो तो. संगीन नेली नाही, फोटो दाखवला फक्त. एकाने तो न बघताच "शिवकालीन आहे साहेब" म्हणून सांगितलं, दुसऱ्याने "माल घेऊन या मग बोलू". तिकडून एक जुनी पितळी अडकित्ता घेऊन आलो, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

उत्तर निघालं आमच्याच बिल्डिंगमध्ये. दुसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड सुभेदार राहतात, मराठा लाईट इन्फन्ट्रीचे, सकाळी सहाला बूट पॉलिश करून मॉर्निंग वॉकला जाणारे. बाबांशी त्यांची बाकावरची मैत्री. एक दिवस बाबाच त्यांना वर घेऊन आले. त्यांनी संगीन हातात घेतली, शिक्के-बिक्के काही बघितले नाहीत, सरळ अंगठा खटक्यावर. तेलाने तो तोवर मोकळा झाला होता, कट्ट वाजला. "ही थ्री नॉट थ्रीची की हो. आम्ही बेळगावला सेंटरला होतो तवा हीच मारायचो." मग उठले, कोपऱ्यातली छत्री घेतली आणि छत्रीच्या टोकाला कडं कसं बसतं, खाच कशी सरकते, खटका कसा पकडतो ते दाखवलं, "संगीऽऽन लगा" असा हुकूमही दिला, आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मी म्हणलं सुभेदार काका, ही आमच्या काकांनी मोडलीय, मूळ १७ इंची असते. ते म्हणाले, "कोण म्हणतंय? आमच्याकडं समद्या अशाच होत्या, आखूड. लांब मी बघितलीच न्हाई." आणि म्यान मागितली. म्यान चामड्याची, वर आणि खाली लोखंडी टोपणं, तिला मी आजपर्यंत हातही लावला नव्हता. संगीन आत घातली तर तंतोतंत. "काकानं पातं मोडलं तर म्यानपण मोडली का?"

एवढी साधी गोष्ट. पात्याबरोबर म्यानही आखूड केलेली आहे, खालचं टोपण काढून, चामडं कापून, परत बसवलेलं, व्यवस्थित. हे धारवाल्याचं काम नाही, हे वर्कशॉपचं काम आहे. मग शोधल्यावर सापडलं की दुसऱ्या महायुद्धात भारतात लांब पात्याच्या जुन्या संगिनी मोठ्या संख्येने १२ इंचांवर आणल्या, त्या प्रकाराला नंबर वन मार्क वन स्टार म्हणतात. पन्हळ टोकाबाहेर पळाल्यासारखी दिसणं हीच त्याची खूण, कारण मुळातच १२ इंची म्हणून इथे ज्या नव्या बनवल्या त्यांतल्या बऱ्याच जणींना पन्हळच नसते. काकांना फोन करून माफी मागितली. घासलेल्या शिक्क्यांबद्दल मात्र नाही मागितली.

आता हे सगळं बाबांना सांगायचं होतं. कुट पडलं २९ एप्रिल १९१६ ला, तेरा हजारांच्या आसपास माणसं शरण गेली त्यात अण्णा. संगीन बनली नोव्हेंबर १९१७ ला, शेफिल्डमध्ये, तेव्हा अण्णा दीड वर्षं कैदेत होते. आणि ती आखूड झाली त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, भारतात. म्हणजे आमच्या घरात ती आली ती १९४० च्या नंतरच, तेव्हा अण्णा पन्नाशीचे, गावी शेती करत होते. खरं तर यातल्या एकाही तारखेची गरज नव्हती. शरण गेलेल्या फौजेने आधी आपली शस्त्रं नष्ट केली होती, आणि तुर्कांच्या कैदेतून सुटलेला माणूस हातात संगीन घेऊन घरी येईल कसा? चार पिढ्या आम्ही ही गोष्ट सांगतोय आणि चार पिढ्यांत एकालाही हा प्रश्न पडला नाही, मला धरून.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, कागदावर आलं की त्यांना पटतं. फक्त विचारलं, "डिस्चार्जचा कागद तर खरा आहे ना?" म्हणलं तो शंभर टक्के खरा आहे, अण्णा कुटला होते, कैदेत होते, त्यात काही बदल नाही. सुभेदार काका शेजारी होते, त्यांनी सांगितलं की ११० मराठाच पुढे १९२२ मध्ये पाचव्या मराठाची तिसरी बटालियन झाली, थर्ड फिफ्थ, आणि इटलीत १९४४ ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे त्याच बटालियनचे. बाबा एकदम ताठ बसले. संगीन गेली तरी बटालियन मिळाली.

मग घरात आली कशी यावर तर्क चालू झाले. आजीचा भाऊ खडकीला दारूगोळा कारखान्यात होता तो घेऊन आला असेल. आत्या म्हणते गावी कुणीतरी उसन्या पैशांच्या बदल्यात दिली. आई म्हणते जुन्या बाजारातून आणली असेल नारळ फोडायला. तिन्हीला पुरावा शून्य. बुडावर एक तीन आकडी नंबर पंच केलेला आहे, तो कोतातल्या, म्हणजे पलटणीच्या शस्त्रांच्या खोलीतल्या, रॅकचा नंबर असावा म्हणतात सुभेदार काका, त्यावरून माणूस सापडत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण माझ्यासारखे अजून असतील. आर्म्स अ‍ॅक्टच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब पात्याच्या हत्यारांत संगिनीचं नाव चक्क लिहिलेलं आहे, तेव्हा 'आमची पूजेतली आहे' हे उत्तर नाही. दुसरीकडे कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, आणि १०० वर्षांवरची वस्तू पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यातही येऊ शकते. माझा वकील मित्र म्हणाला की सूट मिळते का नाही हा वाद कोर्टात घालायचा असतो, चौकीत नाही, तेव्हा तू आपणहून फोटो, मापं आणि वर्णन असलेलं पत्र दे आणि पोच घे. आणि परत स्कूटरवरून फिरवू नकोस, शहरात हत्यार घेऊन फिरायला बंदीचे आदेश सारखे निघत असतात. पत्र घेऊन गेलो तर तिथल्या साहेबांनी पहिल्यांदा विचारलं "विकायचीय का?" पोचेचा शिक्का मिळायला तीन खेपा झाल्या, मिळाला.

त्या पत्राला जोडायला मी आमच्या कंपनीच्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या धर्तीवर एक कागद केला होता. नग: १. वर्णन: संगीन, पॅटर्न १९०७, नंतर आखूड केलेली. बनवणारा: सँडरसन, शेफिल्ड. तारीख: ११/१९१७. पातं, कडं, सगळी मापं. दोन्ही बाजूंच्या शिक्क्यांचे ठसे. दोष: एका बाजूस ग्राइंडिंगमुळे शिक्के अंशतः नष्ट. फॉरमॅटमध्ये 'कोठून प्राप्त' असा एक रकाना असतो तो मी मोकळा सोडला आणि बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेन काढलं, बराच वेळ पेन हवेतच. मग त्यांच्या त्या क्लार्की वळणदार अक्षरात लिहिलं: वाड्याच्या माळ्यावरील ट्रंकेतून.

खंडेनवमीला ती पाटावर मधोमधच होती. आईने बेलाच्या पानाला पहिलं बोट लावलं, मी काही बोललो नाही, एवढंच सांगितलं की कुंकू पाण्यात कालवू नकोस, गंज धरतो, तेलात कालव.